जुन्या मोटारीचा रेडिएटर : स्वस्त कोणता?

वैशाखातील दुपार आहे. पणजीहून बेळगावकडे निघालेली एक जुनी फियाट चोर्ल्याचा घाट चढत आहे. गाडी १९६८ सालची, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली 'अकराशे' आणि तिचे मालक टिळकवाडीत राहणारे एक निवृत्त शिक्षक, अशी कल्पना करावी. गाडी वडिलांनी हौसेने घेतलेली. मुलांच्या मुंजी, बहिणीची पाठवणी, वडिलांचे अखेरचे रुग्णालयात जाणे, हे सारे तिने पाहिलेले. दुसऱ्या गियरमध्ये घरघरत वळणे घेत असताना बॉनेटच्या फटीतून वाफेचा लोट उठतो आणि गाडी कडेच्या झाडाखाली थांबवावी लागते. मागून येणारा एक ट्रकचालक उतरतो, डोकावून पाहतो आणि विचारतो, "काका, हळद आहे का हळद?"

ही हळद देवपूजेची नव्हे. गळत्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की ती पाण्याबरोबर फिरत फिरत बारीक छिद्राशी जाऊन बसते व गळती काही काळ थांबते, हा भारतातील रस्त्यांवरचा जुना तोडगा आहे. घाटात अडकलेल्या माणसाला घरी पोहोचविण्यापुरता तो खराही ठरतो. परंतु घरी पोहोचल्यावर प्रश्न उरतोच. मेकॅनिक म्हणतो, "रेडिएटर गेला, नवा टाका." नवा म्हणजे कोणता? जुन्या बाजारातला, दुसऱ्या गाडीचा, ॲल्युमिनियमचा, की आहे त्यालाच नवी जाळी घातलेला? निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात या प्रश्नाचे पहिले उत्तर एकच असते : जो स्वस्त असेल तो. या स्वस्त शब्दाचा अर्थ काय, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

रेडिएटरकडे केवढे काम असते, हे प्रथम पाहिले पाहिजे. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेचे ढोबळमानाने तीन वाटे होतात. एक वाटा चाके फिरवितो, दुसरा धुराबरोबर बाहेर जातो आणि तिसरा इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरतो. चाळीसएक अश्वशक्तीचे इंजिन घाटात पूर्ण जोर लावते, तेव्हा ते सुमारे तीस किलोवॅट शक्ती चाकांना देते व साधारण तितकीच उष्णता पाण्याला देते. घरातील स्नानगृहात पाणी तापविणारा गीझर दोन किलोवॅटचा असतो. म्हणजे असे पंधरा गीझर एकाच वेळी चालू असावेत आणि त्यांची सारी उष्णता हातभर रुंद, हातभर उंच अशा एका जाळीने वाऱ्यावर सोडून द्यावी, असे हे काम आहे. जाळीतील थोड्या नळ्या जरी बुजल्या, तरी सपाट रस्त्यावर काही कळत नाही. घाटात मात्र सारे उघडे पडते.

या कामात कसूर झाली तर दंड रेडिएटरला होत नाही, इंजिनाला होतो. पाणी उकळून गेले की इंजिनाचे हेड वाकते, त्याखालची गॅस्केट जळते, पिस्टन सिलिंडरला घासू लागतात. एखादे वेळी बिडाच्या ब्लॉकला तडाही जातो. नव्या गाडीचे हेड दुकानात मिळते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाडीचे हेड शोधावे लागते आणि सापडेलच असा भरवसा नसतो. तेव्हा रेडिएटरवर वाचविलेला पैसा आणि इंजिनावर होणारा खर्च ही दोन्ही एकाच वहीत मांडावयास हवीत.

मराठीत एक म्हण आहे : रोग रेड्याला आणि औषध पखालीला. रेड्याच्या पाठीवरची पखाल पाण्याची असते, म्हणून मोटारीच्या बाबतीत ही म्हण जणू नव्याने जन्मास आली आहे. गाडी तापली की दोष पखालीचा, म्हणजे रेडिएटरचा, असे सर्रास ठरविले जाते. वास्तविक गाडी तापण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांचा उपाय रेडिएटरहून पुष्कळ स्वस्त आहे. पंख्याचा पट्टा सैल झालेला असतो. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असतो. खालचा होज पाईप आतून कुजलेला असतो आणि इंजिनाचा वेग वाढला की पंपाच्या ओढीने चपटा होतो. पाण्याच्या पंपाची पाती गंजून झिजलेली असतात. झाकणाची स्प्रिंग मेलेली असते. टायमिंग मागे पडलेले असते, त्यामुळे इंजिन विनाकारण तापते. एखाद्या चाकाचा ब्रेक धरून ठेवीत असतो आणि इंजिन त्याच्याशी झुंजत असते.

या साऱ्यांची पारख घरच्या घरी होऊ शकते. थर्मोस्टॅट काढून दोरीने पातेल्यातील पाण्यात सोडावा व पाणी चुलीवर तापवावे. त्याच्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास, म्हणजे सामान्यतः ऐंशी ते नव्वद अंश सेल्सिअसच्या दरम्यान, तो उघडला तर तो निर्दोष आहे. थंड इंजिन चालू करून रेडिएटरचे झाकण उघडे ठेवले आणि पाण्यातून बुडबुडे अखंड येऊ लागले, किंवा इंजिनाचे तेल दुधाळ झालेले आढळले, तर शंका हेडच्या गॅस्केटवर घ्यावी. अशा गाडीला नवा रेडिएटर घालणे म्हणजे फुटक्या घागरीला नवे झाकण आणणे होय. गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये. आतील उकळते पाणी दाबाखाली असते व क्षणात चेहऱ्यावर उसळते.

याउपर संशय रेडिएटरवरच येऊन ठेपला, तर त्याचीही परीक्षा आहे. गाडी चांगली तापवून इंजिन बंद करावे आणि पंखा थांबल्यावर जाळीवरून हात जवळून फिरवावा. हल्ली दुरून तापमान सांगणारे छोटे उपकरण माफक किमतीत मिळते, त्याचाही उपयोग होतो. ज्या भागात जाळी थंड लागते, त्या भागातील नळ्या बुजलेल्या आहेत असे समजावे. पुढे रेडिएटर उतरवून घ्यावा, खालचे तोंड बंद करून तो पाण्याने भरावा आणि ते तोंड एकदम मोकळे करावे. पाणी धबधब्यासारखे कोसळले तर नळ्या मोकळ्या आहेत. ते रेंगाळत आले तर आत क्षारांचे थर साठले आहेत. शेवटी पन्हे, म्हणजे नळ्यांना लागून असलेले पातळ पत्रे, बोटाने हळूच हलवून पाहावेत. त्यांचा भुगा होत असेल, तर नळ्यांतील उष्णता वाऱ्याला देणारा हातच गळून पडला आहे. बाहेरून काळा रंग दिलेला असला की हे डोळ्यांना दिसत नाही.

परीक्षेचा निकाल तीन प्रकारचा लागतो आणि प्रत्येक निकालाला स्वतंत्र उपाय आहे.

नळ्या बुजल्या आहेत पण धातू शाबूत आहे, असा पहिला प्रकार. जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असतात. वरची व खालची टाकी पितळेची, नळ्या पितळेच्या, पन्हे तांब्याचे आणि सारे सांधे शिसे व कथील यांच्या मिश्रणाने झाळलेले. ज्यांनी तांबटआळीत घागरीला डाग देताना पाहिले आहे, त्यांना ही विद्या परकी वाटणार नाही. कारागीर दोन्ही टाक्या झाळ वितळवून सोडवितो, प्रत्येक नळीतून पातळ पट्टी घालून थर खरवडून काढतो आणि टाक्या पुन्हा झाळतो. याला त्या धंद्यात रॉडिंग म्हणतात. रेडिएटर मूळचाच राहतो आणि खर्च मजुरीचा तेवढा होतो. सर्वांत स्वस्त रेडिएटर जर कोणता असेल, तर तो हा.

दुसरा प्रकार असा की, नळ्या कुजल्या आहेत किंवा पन्ह्यांचा भुगा झाला आहे, पण टाक्या, पाणी भरण्याचे तोंड व बाजूच्या पट्ट्या चांगल्या आहेत. येथे मधली जाळी तेवढी नवी घालावी. टाक्यांचा आकार, होज पाईपांची तोंडे, गाडीच्या पत्र्याला बसणारी भोके ही सारी जुनीच राहतात, त्यामुळे रेडिएटर आपल्या जागी मुकाट्याने जाऊन बसतो. नव्या जाळीचा खर्च डोळ्यांत भरतो खरा, परंतु त्यानंतर दुसरा खर्च निघत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

टाक्याच फाटल्या आहेत, किंवा मागे कोणीतरी मूळ रेडिएटर मोडीत देऊन भलताच बसविला आहे, हा तिसरा प्रकार. येथे खरोखर निवड करावी लागते आणि फसगतही येथेच होते.

पहिला मोह जुन्या बाजाराचा. त्याच जातीच्या गाडीचा वापरलेला रेडिएटर मिळाला तर तो घेण्यास हरकत नाही. मात्र तो अखंड आहे म्हणून घेऊ नये, त्याच्या टाक्यांसाठी घ्यावा. वर सांगितलेली पाण्याची परीक्षा दुकानातच करून पाहावी आणि नव्या जाळीचा खर्च त्याच्या किमतीत मिळवूनच भाव ठरवावा. आत हळद, भुसा किंवा गळती थांबविणारी पूड साठलेली आढळली, तर तो सौदा सोडून द्यावा किंवा रॉडिंगचा खर्च आधीच धरावा.

दुसरा मोह अलीकडच्या लहान गाडीच्या रेडिएटरचा. यात नळ्या ॲल्युमिनियमच्या व टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. तो वजनाला हलका, किमतीला कमी आणि कोपऱ्यावरच्या दुकानात हजर असतो. परंतु त्याची तोंडे वेगळ्या बाजूला आणि वेगळ्या व्यासाची असतात. मग होज पाईप जोडण्यासाठी तुकडे आले, बसविण्यासाठी पट्ट्या आल्या, पंखा नीट समोर येत नाही म्हणून विजेचा पंखा आला. जुन्या गाडीच्या डायनामोची ताकद बेताची असते, तेव्हा विजेच्या पंख्याचा भार सोसण्यासाठी अल्टरनेटर आला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा हिशेब होतो. शिवाय प्लॅस्टिकच्या टाकीला चीर गेली तर झाळकाम करणाऱ्याचा तेथे काही इलाज चालत नाही. ती वस्तू फेकून द्यावी लागते.

तिसरा पर्याय संपूर्ण ॲल्युमिनियमच्या, मापाप्रमाणे तयार केलेल्या रेडिएटरचा. याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात, म्हणून वस्तुस्थिती शांतपणे पाहिली पाहिजे. उष्णता वाहून नेण्यात तांबे ॲल्युमिनियमच्या जवळजवळ दुप्पट सरस आहे. पण तांब्या-पितळेच्या जाळीत नळी पितळेची असते आणि पन्हे नळीला झाळेने चिकटलेले असतात. ही झाळ उष्णतेच्या वाटेत थोडा अडसर करते. ॲल्युमिनियमची नळी अधिक रुंद करता येते व पन्हे तिला एकजीव जोडलेले असतात. त्यामुळे चांगल्या बनावटीचा ॲल्युमिनियमचा रेडिएटर तांब्याच्या बरोबरीने काम करू शकतो आणि वजनही वाचवितो. त्याच्या अटी मात्र कडक आहेत. त्यात नळाचे किंवा विहिरीचे पाणी चालत नाही. गंजविरोधी द्रव्य मिसळलेले कूलंट बारा महिने हवे आणि ते ठरल्या मुदतीत बदलावयास हवे. इंजिनाचे बीड, पंपाचे पितळ व रेडिएटरचे ॲल्युमिनियम हे तीन धातू क्षारयुक्त पाण्यात एकत्र आले की त्यांच्यामध्ये विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि तिचा पहिला बळी ॲल्युमिनियम असतो. ज्या गाडीत वाटेवरच्या हातपंपाचे पाणी भरण्याची सवय आहे, त्या गाडीत हा रेडिएटर दीर्घायुषी होत नाही. तो गळू लागला तर त्याच्या जोडकामाला वेगळी विद्या लागते आणि ती प्रत्येक गावात उपलब्ध नसते.

कोणताही पर्याय निवडला तरी काही मापे चुकता कामा नयेत. पहिले माप झाकणाच्या दाबाचे. समुद्रसपाटीला उघड्या भांड्यातील पाणी शंभर अंशांवर उकळते आणि साधारण तीनशे मीटर उंची वाढली की हा अंक एका अंशाने उतरतो. सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरील बेळगावात पाणी म्हणूनच अडीच अंश आधी उकळते. रेडिएटरचे झाकण स्प्रिंगच्या जोराने आतील दाब वाढविते. दर चौरस इंचाला चार पौंडांच्या झाकणाखाली समुद्रसपाटीचे पाणी सुमारे १०७ अंशांपर्यंत आणि सात पौंडांच्या झाकणाखाली सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. यावरून अधिक जोराचे झाकण घातले की प्रश्न मिटला, असा समज होतो. तो घातक आहे. जुन्या पितळी टाक्यांची झाळ, जुने होज पाईप व पंपाचे सील हे सारे मूळच्या दाबासाठी घडविलेले असतात. तेरा पौंडांचे झाकण घातले तर यांपैकी जे सर्वांत दुबळे असेल ते फुटते. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दाबाचेच झाकण घ्यावे आणि नव्या रेडिएटरचे तोंड त्या झाकणाला साजेसे आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.

दुसरे माप जाडीचे. जाळीत नळ्यांच्या दोन, तीन किंवा चार रांगा असतात. चार रांगा म्हणजे दोन रांगांच्या दुप्पट थंडावा, असे होत नाही. मागच्या रांगांना पुढच्या रांगांनी तापविलेलाच वारा मिळतो आणि जाड जाळीतून वारा ओढण्यास पंख्याला अधिक कष्ट पडतात. जाळी जाड झाली की ती पंख्याच्या पात्यांच्या जवळ येते, हाही धोका असतो. पन्हे फार दाट असले, तर आपल्याकडील धूळ व किडे त्यांत अडकून वाट बंद होते. मूळ रांगा होत्या तितक्या ठेवाव्यात, फार तर एक वाढवावी, आणि पंख्याभोवती पत्र्याचे कडे नसल्यास ते करून घ्यावे. पंख्याने ओढलेला सारा वारा जाळीतूनच यावा यासाठी हे कडे असते. पत्रेकाम करणारा ते अल्प खर्चात करून देतो आणि गर्दीत रेंगाळणाऱ्या गाडीला त्याचा गुण ताबडतोब येतो.

तिसरी गोष्ट मापाची नसून मर्यादेची आहे. नवा रेडिएटर बसत नाही म्हणून गाडीचा पुढचा पत्रा कापू नये. भारत सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पुरी झालेल्या, मूळ रूपात जतन केलेल्या खाजगी गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा, अशी त्यात अट आहे. रेडिएटरची जाळी बदलणे हा असा फेरफार नव्हे. पण बाजारातील स्वस्त वस्तू कोंबण्यासाठी सांगाड्याला करवत लावली, तर गाडीचे मूळ रूप त्या दिवशी संपते. काढलेला बोल्ट पुन्हा लावता येतो, कापलेला पत्रा पुन्हा उगवत नाही.

अधिक जुन्या गाड्यांच्या बाबतीत तर ही सावधगिरी दुप्पट हवी. १८८६ साली कार्ल बेन्झ यांच्या पहिल्या मोटारीत पाणी उकळून वाफ होऊन जात असे व ते पुन्हा पुन्हा भरावे लागे. १९०१ च्या मर्सिडीजमध्ये विल्हेल्म मायबाख यांनी आठ हजारांहून अधिक बारीक चौकोनी नळ्यांची, मधाच्या पोळ्यासारखी जाळी बसविली आणि थोड्या पाण्यात मोठे इंजिन थंड ठेवण्याची युक्ती साधली. फोर्डची मॉडेल टी व ऑस्टिन सेव्हन या गाड्यांत पंप नसे. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढे व थंड पाणी खाली उतरे, एवढ्यावरच फेरा चाले. अशा गाडीला अरुंद नळ्यांचा आधुनिक रेडिएटर लावला, तर त्यातून पाणी फिरतच नाही, कारण त्याला ढकलणारे कोणी नसते. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर येथील राजवाड्यांनी मोटारी हौसेने बाळगल्या आणि २०२३ च्या जानेवारीत बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात देशोदेशींच्या जुन्या गाड्यांचे प्रदर्शनही भरले. अशा मेळाव्यात परीक्षक पहिल्यांदा पाहतात तो गाडीचा चेहरा, आणि त्या काळच्या गाडीचा चेहरा म्हणजे बहुधा तिचा रेडिएटरच असतो. राजवाड्यातील गाडी असो वा टिळकवाडीतील, नियम एकच : मूळची टाकी व मूळची चौकट हातची जाऊ देऊ नये.

याच कारणास्तव दुकानदाराशी व्यवहार करताना एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करावी. जुना रेडिएटर बदलीत देऊ नये. तांब्या-पितळेला मोडीचा भाव चांगला येतो, म्हणून नव्या वस्तूच्या किमतीतून थोडी सूट देऊन जुना रेडिएटर ठेवून घेण्याची रीत आहे. ही सूट घेणारा मनुष्य घरातील समई वजनावर विकणाऱ्यासारखा असतो. विकल्यावर तशी दुसरी मिळत नाही. त्याचप्रमाणे नव्या जाळीत किती नळ्या, किती रांगा, नळी व पन्हे कोणत्या धातूचे, हे कागदावर लिहून घ्यावे आणि माल आल्यावर नळ्या मोजाव्यात. स्वस्त जाळीत पाच-दहा नळ्या कमी घालणे व वर काळ्या रंगाचा जाड थर देणे, ही हातचलाखी सहज होते. रंग पातळच हवा. जाड रंग हे उष्णतेला घातलेले पांघरूण असते. सरतेशेवटी तयार रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून, झाकणाच्या दाबाइतकी हवा भरून, बुडबुडे येतात का हे आपल्या समक्ष पाहावे.

रेडिएटर बसविण्यापूर्वी इंजिनाच्या आतील पाण्याच्या वाटा धुऊन घेणे अगत्याचे आहे. ब्लॉकमधील गंज व गाळ तसाच राहिला, तर तो पहिल्याच प्रवासात नव्या जाळीत जाऊन बसतो. त्यानंतर भरावयाचे पाणी डिस्टिल्ड असावे किंवा स्वच्छ गाळलेले पावसाचे असावे. कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी घालू नये. त्यात कूलंट मिसळताना ते शिशाच्या झाळेला व पितळेला चालणारे आहे, याची डब्यावर खात्री करून घ्यावी. सर्व कूलंट सर्व धातूंना मानवत नाहीत. कूलंट चवीला गोड व पोटात गेल्यास विषारी असते, म्हणून सांडलेले तसेच ठेवू नये आणि डबा मुलांच्या व कुत्र्या-मांजरांच्या तोंडापासून दूर ठेवावा.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. स्वस्त कोणता? दुकानातील चिठ्ठीवरची किंमत हा हिशेबाचा पहिला आकडा आहे. बसविण्यासाठी लागणारे तुकडे व मजुरी हा दुसरा, दरवर्षी लागणारे कूलंट हा तिसरा आणि गळती झाली तर दुरुस्तीचा खर्च हा चौथा. पहिल्या आकड्यात जो रेडिएटर स्वस्त असतो, तो पुष्कळदा चौथ्यात सर्वांत महाग ठरतो, कारण त्याची दुरुस्तीच होत नाही. या चारही आकड्यांची बेरीज करून पाहिली म्हणजे एक साधा सिद्धांत हाती येतो : जो रेडिएटर आपल्या गावातील कारागिराला दुरुस्त करता येतो, तोच खरा स्वस्त.

या सिद्धांतात एक अडचण दडलेली आहे आणि ती दृष्टीआड करणे योग्य होणार नाही. तो कारागीर गावात असला पाहिजे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या फियाट व पुढे पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून धावत होत्या, तोवर त्यांच्या प्रत्येक भागाला गिऱ्हाईक होते. शतक पालटण्याच्या सुमारास त्या गाड्यांचे उत्पादन संपले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. उत्तरपाड्याच्या कारखान्यातील ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. नव्या गाड्यांचे रेडिएटर बिघडले की बदलतात, झाळीत कोणी बसत नाही. त्यामुळे भट्टी पेटवून, टाक्या सोडवून, एकेक नळी खरवडणारा माणूस दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहे. त्याच्याकडे काम घेऊन जाणारा प्रत्येक गाडीमालक स्वतःचा खर्च वाचवितो, तसेच ती विद्याही आणखी काही दिवस जिवंत ठेवतो. तो कारागीर भट्टी विझवून निघून गेला, की जुन्या गाडीपुढे वस्तू फेकण्याचा व नवी आणण्याचा एकच मार्ग उरेल, आणि तो मार्ग कोणालाही स्वस्त पडणार नाही.

टिळकवाडीतील त्या शिक्षकांची फियाट अशा कारागिराच्या हाती गेली आहे, अशी आता कल्पना करावी. रेडिएटर हौदाशेजारी उघडा पडला आहे. नळ्यांतून पिवळट चिखल निघतो आहे. कधीकाळच्या घाटातील, कोणा जुन्या उपकारकर्त्याने टाकलेली हळदच ती. धातू मात्र शाबूत आहे. कारागीर नळ्या खरवडतो, खालच्या टाकीचा उसवलेला सांधा झाळतो, हवा भरून रेडिएटर पाण्यात बुडवितो. दोघेही वाकून पाहतात. एकही बुडबुडा येत नाही. नवा रेडिएटर घ्यावाच लागला नाही. पावसाळ्याच्या आरंभी ती गाडी चोर्ल्याचा घाट पुन्हा चढेल, दुसऱ्याच गियरमध्ये, पूर्वीसारखीच घरघरत, आणि बॉनेटवर वाफ दिसली तर ती घाटातल्या धुक्याची असेल.